पश्चिमेच्या वाटेवर काळा पाव

बाबांना गाडी चालवता येत नव्हती. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या हॅमर्टन गावापासून पार वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमापर्यंत आमची जुनी हिरवी स्टेशन वॅगन मी एकटीने चालवत नेली. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि नेब्रास्काच्या उन्हात माझा डावा हात कोपरापर्यंत भाजून निघाला होता. तरीसुद्धा आमच्या घरात तो प्रवास आजतागायत 'बाबांचा प्रवास' म्हणूनच ओळखला जातो, आणि त्यात काही चूक नाही.

त्यांचं नाव ओंद्रेय बाबियाक. गाव त्यांना ओंद्रो म्हणायचं. आजोबा कोळशाच्या खाणीत उतरले आणि एक दिवस वर आलेच नाहीत. तेव्हा आजीने आपल्या एकुलत्या एका पोराला खाणीच्या तोंडाशी फिरकू दिलं नाही, चर्चच्या उताराखालच्या बेकरीत भट्टीपाशी बसवलं. पुढे ती बेकरी बाबांचीच झाली. शहाजिरं घातलेला काळा पाव ही त्यांची खासियत. जाड सालीचा, आतून ओलसर, किंचित आंबट. गावात आम्ही बहुतेक सगळे स्लोव्हाक. खाणीत जाणाऱ्या प्रत्येकाच्या डब्यात बाबांचा पाव असायचा. लग्न असो, बारसं असो की मयत, आधी निरोप जायचा पाद्रीबुवांना आणि मग ओंद्रोला.

मग खाणी बंद पडायला लागल्या आणि माणसं पश्चिमेकडे सरकायला लागली. कुणी इलिनॉयच्या कारखान्यात गेलं, कुणी ओमाहाच्या कत्तलखान्यांत, कुणी त्याही पलीकडे. गाव सोडणारं प्रत्येक कुटुंब निघायच्या सकाळी बेकरीपाशी गाडी थांबवायचं. बाबा आतून दोन पाव आणून खिडकीतून आत द्यायचे आणि म्हणायचे, "पोचलात की कळवा." लोक कळवायचेही. नाताळला आईकडे इतकी कार्डं यायची की कोण कुठल्या गल्लीत राहतं हे तिला तोंडपाठ झालं होतं.

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात अशी वेळ आली की उरलेल्या गिऱ्हाइकांची नावं एका दमात घेता यावीत. त्याच सुमाराला आईच्या मावसबहिणीचा याकिमाहून फोन आला. तिचा नवरा पावाच्या मोठ्या कारखान्यात होता आणि तिथे पिठाचा अंदाज असलेला माणूस हवा होता.  दुसऱ्या दिवशी बाबा भट्टीवरून येऊन खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "झुझा, हे याकिमा नक्की आहे कुठे?"

"रस्ता संपेपर्यंत गेलं की थोडं अलीकडे," आई म्हणाली. तिने आदल्या रात्रीच नकाशा पाहून ठेवला होता.

"मग जायचं?"

"तुझं तू ठरव. मी काय, तुझ्या पिठाच्या पोत्यांबरोबर एक पोतं."

आईला रेल्वेने जायचं होतं. बसल्या जागी जेवण मिळतं, खिडकीतून डोंगर दिसतात, असं तिने ऐकलं होतं. बाबा ऐकेनात. "रेल्वे कुणाच्या दारात थांबते का?" ते म्हणाले. "इतकी वर्षं आपल्या दारावरून माणसं गेली. आता आपण त्यांच्या दारावरून चाललोय, आणि स्टेशनातूनच पुढे सरकायचं? जोलिएटला कुबिन आहेत. ओमाहाला तेरेझा आहे. रॉक स्प्रिंग्जला..."

"रॉक स्प्रिंग्जला कोण आहे रे?" आईने मुद्दाम विचारलं.

"कोणी नाही."

"योझो हाल्को आहे," आई माझ्याकडे बघून म्हणाली. "तुझ्या बाबांचा कोणी नाही तो."

योझेफ हाल्को बाबांचा बेकरीतला भागीदार. मी त्यांच्या खांद्यावर बसून वाढले. त्यांना बेकरीत पाव कापायचं यंत्र आणायचं होतं. मेणकागदात गुंडाळलेल्या कापलेल्या पावाला मोठ्या गावांत मागणी होती. बाबा म्हणाले, "ज्याच्या घरात सुरी नाही त्याने माझा पाव खाऊ नये." हाल्को म्हणाले, "ओंद्रो, तुझं डोकं तुझ्या पावाच्या सालीपेक्षा टणक आहे." एवढंच. पण त्यानंतर दोघं एका भट्टीवर उभे राहून एकमेकांशी बोलत नव्हते, आणि पुढच्या वसंतात हाल्को बायकोपोरांना घेऊन वायोमिंगला निघून गेले. बेकरीसमोरून गाडी गेली तेव्हा ती थांबली नाही आणि बाबाही पाव घेऊन बाहेर आले नाहीत. नाताळचं कार्ड मात्र त्यांच्या बायकोकडून, अ‍ॅनाकडून, यायचं.

ऑगस्टमध्ये आम्ही निघालो. मागच्या सीटवर उशा, शिलाईचं मशीन आणि त्यांच्या मधोमध आई. पुढे मी आणि बाबा. बाबांच्या दोन पायांमध्ये ओल्या पंच्यात गुंडाळलेली खमिराची बरणी. ते खमीर आजीने बोटीतून आणलेलं. रोज त्यातलं थोडं पिठात घालायचं आणि तेवढंच पीठ-पाणी त्याला परत द्यायचं. असं ते दोन खंडांत जिवंत राहिलं होतं. आई त्या बरणीला सवत म्हणायची. "पहाटे उठून आधी तिला खायला घालतो, मग मला हाक मारतो," असं ती कुणालाही सांगायची.

जोलिएटला कुबिनांच्या दारात पोचलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. बाबांनी हॅमर्टनच्या भट्टीतला शेवटचा पाव टेबलावर ठेवला. म्हाताऱ्या कुबिनांनी तो उचलून आधी नाकाला लावला आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. त्यांची सून तिथलीच, आमच्यातली नव्हे. ती बिचारी घाबरून म्हणाली, "पप्पा, खराब झालाय का?"

"नाही गं पोरी. मीच झालोय," कुबिन म्हणाले.

बातमी गल्लीत पसरली. आणखी दोन घरं हॅमर्टनची निघाली. पाव पुरला नाही, आणि शिळा पाव वाटून निघून जाणं बाबांच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेच्या चिमुकल्या ओव्हनचा ताबा घेतला. घरभर धूर झाला. सून दर थोड्या वेळाने येऊन विचारायची, "यात साखर कधी घालायची?" आणि बाबा दर वेळी तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "पुढच्या जन्मी." दुपारी पाव निघाले. पुरुष अंगणात उभे राहून गरम पाव हातांनी तोडून खात होते, आणि कुठल्या खाणीचा दरवाजा कुठल्या बाजूला होता यावरून भांडत होते. निघताना बाबांनी कुबिनबाईंना कॉफीच्या डब्यात थोडं खमीर घालून दिलं.

तिथून पुढे आमचा क्रमच तसा पडून गेला. दिवसभर तीस नंबरच्या रस्त्याने दोन्ही बाजूंच्या मक्यातून जायचं. बाबा वाटेतल्या पाट्या मोठ्याने वाचायचे आणि आई मागून म्हणायची, "आम्हालाही डोळे आहेत." ओळखीच्या दारात थांबायचं, त्यांच्या ओव्हनमध्ये भाजायचं, पुन्हा निघायचं.

ओमाहाची तेरेझा सिवाक म्हणजे आईची बालमैत्रीण. नवरा गेल्यावर तिने कत्तलखान्यात काम करणाऱ्यांसाठी खानावळ आणि वर राहायच्या खोल्या काढल्या होत्या. तिने दार उघडलं, बाबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "ओंद्रो, अजून आहेस होय? मला वाटलं, एव्हाना भट्टीनेच तुला भाजून खाल्लं असेल."

"खाल्लं असतं, पण तुझ्यासारखं तिलाही मी पचलो नाही," बाबा म्हणाले.

ती हसता हसता खुर्चीवर बसली. मग मला जवळ ओढून म्हणाली, "तुझ्या बापाला माझ्याशी लग्न करायचं होतं, माहीत आहे? पण तुझ्या आईने रोज दोनदा पाव घ्यायला जायला सुरुवात केली. घरात माणसं तीन आणि पाव सहा. मी कुठे पुरी पडणार?"

"शेजाऱ्यांना वाटत होते मी," आई म्हणाली, आणि तिच्या गालांवर चक्क लाली चढली. आईला लाजताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तेरेझाच्या मोठ्या चुलीत बाबांनी खानावळीतल्या सगळ्यांना पुरेल इतका पाव भाजला. तिलाही खमीर दिलं. "मला कशाला? मी विसरेन, मरेल ते," ती कुरकुरली, पण डबा तिने फळीवर नीट झाकून ठेवला.

नेब्रास्काचा रस्ता इतका सरळ की चाकाला हात न लावताही गाडी गेली असती. वर ऊन असं की डांबर चकाकत होतं. नॉर्थ प्लॅटला आम्ही जेवायला थांबलो. गाडी सावलीत लावली होती, सावली सरकली. आम्ही परत आलो तेव्हा बरणी फुटून गेली होती. बाबांनी झाकण घट्ट बसवलं होतं आणि उन्हाने खमीर फुगत गेलं. सीटवर, काचेवर, रेडिओवर सगळीकडे करडं, फेसाळ पीठ आणि त्यात काचांचे तुकडे.

बाबा रस्त्याच्या कडेला बसले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी काहीतरी बोलायला गेले तर हातानेच नको म्हणाले. मी त्यांना आजीच्या मयतीतही असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

 आई म्हणाली, "तीस वर्षं सवत सवत म्हणत होते. शेवटी पळाली बघ." आणि स्वतःच रडायला लागली. बाबांनी वर पाहिलं आणि ते हसले. मग तिचे डोळे पुसायला खिशातून रुमाल काढला, तर त्यालाही पीठ लागलेलं.

मी पेट्रोल पंपावरून तेरेझाला फोन लावला, बाबांच्या हातात दिला आणि माझाही कान रिसीव्हरला लावला.

"तेरेझा, ते खमीर..." बाबा अडखळले.

"कुठलं? ते डब्यातलं? अरे, ते मी रद्दीबरोबर..." बाबांचा चेहराच उतरला. पलीकडून ती खदखदून हसत होती. "आहे रे बाबा, आहे. फळीवर फुगून बसलंय, अगदी तुझ्यासारखं. उद्याच्या बसला पाठवते."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बसची वाट पाहत उभे होतो. ड्रायव्हरकडून डबा घ्यायचा म्हणून बाबा सगळ्यांच्या पुढे. दार उघडलं आणि स्वतः तेरेझा उतरली, रविवारच्या चर्चच्या कपड्यांत, दोन्ही हातांत टोपीचा गोल खोका घट्ट धरून. खोक्यात खमिराचा डबा.

"ड्रायव्हरचा काय भरवसा," ती म्हणाली. "ब्रेक मारला असता म्हणजे?" नवरा गेल्यापासून तिने ओमाहा सोडलं नव्हतं. खानावळ भाडेकरूंवर सोपवून आली होती. "आज रात्री ते काय जेवतील ते मला माहीत नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाहीये. हेच नवल आहे."

परतीची बस संध्याकाळी होती. तोवर आई आणि ती स्टेशनसमोरच्या बाकावर एकमेकींच्या हातात हात घालून बसून राहिल्या. मी आणि बाबा लांबच थांबलो. त्या काय बोलल्या, आईने मला कधी सांगितलं नाही. दोघींची ती शेवटची भेट. पुढे फोन झाले, कार्डं आली गेली, पण भेट नाही.

वायोमिंग लागलं तशी झाडं संपली आणि बाबांचं पाट्या वाचणंही संपलं. रॉक स्प्रिंग्जची पाटी आली तेव्हा ते म्हणाले, "सरळ जाऊ दे गं. उजेड आहे तोवर पुढे सरकू."

"लिडिया, वळ," मागून आई म्हणाली.

"झुझा..."

"मी अ‍ॅनाला कळवलंय. ती जेवायला करून बसली असेल. तुला उतरायचं नसेल तर गाडीत बस, सवतीला सोबत."

हाल्कोंच्या घरासमोर एक पांढरी व्हॅन उभी होती. व्हॅनवर कापलेल्या पावाचं भलंमोठं चित्र. बाबा ते बघतच राहिले. तेवढ्यात हाल्को बाहेर आले, अंगावर पाव-कंपनीचा गणवेश, छातीवर नावाची पट्टी. केस पार पांढरे झालेले. दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना उभे.

"ओंद्रो."

"योझो."

 मग हाल्को म्हणाले, "काय आणलंयस?"

"पाव. ओमाहात भाजलेला, जरा वाळलाय." बाबांनी व्हॅनकडे एकदा पाहिलं. "तुझ्या घरात सुरी आहे का?"

मला वाटलं, संपलं सगळं. पण हाल्कोंच्या मिशा हलल्या. "आहे," ते म्हणाले. "बोथट झालीय. इतक्या वर्षांत लागलीच नाही."

त्यांनी फाटक उघडलं.

जेवण झालं आणि दोघं स्वयंपाकघरातच उभे राहिले. एकाने पिठाचा डबा काढला आणि दुसऱ्याने बाह्या वर केल्या. एकाच परातीत दोघांचे चार हात, आणि कुणाचा हात कुणाला लागत नव्हता. लहानपणी बेकरीच्या पायरीवर बसून मी हेच बघत असे. आई आणि अ‍ॅना दारात उभ्या होत्या.

मळता मळता, मान वर न करता, हाल्को म्हणाले, "त्या दिवशी तू पाव घेऊन बाहेर आला असतास ना, तर मी गेलो नसतो. गाडी हळू केली होती मी."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "पाव कागदात बांधून तयार होते. मी दाराच्या आतच उभा होतो."

"मग?"

"मग काय? तू राहिला असतास. दोन घरं त्या भट्टीवर जगणार नव्हती, योझो. तुला पोरं तीन, मला एक. कुणीतरी जायलाच हवं होतं, आणि मी सांगून तू गेला नसतास. भांडणाने गेलास."

हाल्कोंचे हात थांबले. दारातून आई एकदम म्हणाली, "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुला सांगितलं असतं तर तू अ‍ॅनाला कार्डात लिहिलं असतंस."

"लिहिलंच असतं!" आई म्हणाली.

हाल्कोंनी पिठाने भरलेला हात बाबांच्या मानेवर ठेवला, जोरात दाबला आणि म्हणाले, "गाढवा." ते दोघं नंतर काय बोलले ते मला नीट ऐकू आलं नाही, कारण आई नाक शिंकरत होती. पाव ओव्हनमधून निघाले तेव्हा हाल्कोंनी सालीचा तुकडा तोडला आणि उभ्या उभ्या, डोळे मिटून, अगदी सावकाश खाल्ला. निघताना त्यांनी आमच्या खिडकीतून दोन पाव आत दिले आणि म्हणाले, "पोचलात की कळवा."

पुढे आयडाहो, मग ओरेगन. तिथे हॅमर्टनचं कुणीच नव्हतं. पेट्रोल भरणाऱ्या एका माणसाने आत डोकावून "काय छान वास येतोय" म्हटलं, तर बाबांनी त्यालाच अर्धा पाव तोडून दिला आणि वाटेत बराच वेळ खुशीत होते. मग डोंगर उतरून आम्ही सफरचंदांच्या बागांमध्ये शिरलो, आणि आईने पहिल्यांदा मागची खिडकी पूर्ण खाली केली.

कारखाना मोठा होता. एखादं घर मावेल अशी पीठ मळायची यंत्रं आणि पट्ट्यावरून सरकणारे पांढरे पाव. बाबा पहिल्या दिवशी घरी आले आणि त्यांनी मेणकागदातला पाव टेबलावर ठेवला. "कापलेला," ते म्हणाले.

आईने चावून पाहिला. "कसला लागतो रे हा?"

"कसलाच नाही. तेच तर त्यांना हवंय."

मला वाटलं होतं, त्यांचं मन लागणार नाही. पण बाबा तिथे निवृत्त होईपर्यंत राहिले. पीठ जास्त आंबलंय हे ते नुसत्या वासावरून ओळखायचे, म्हणून सोबतचे कामगार त्यांना 'नाक' म्हणायचे, आणि त्यांना ते आवडायचं. घरामागे त्यांनी विटांची भट्टी बांधली. शनिवारी काळा पाव निघायचा. आधी शेजारी आले, मग बागांमध्ये फळं तोडणारी मेक्सिकन कुटुंबं. त्यांच्या बायका आपल्या पोळ्या घेऊन यायच्या आणि बाबांचा पाव घेऊन जायच्या. आईला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना आईची. तरी तास तास गप्पा चालायच्या. हॅमर्टनच्या आठवणी निघायच्या, पण आई परत जायचं नाव काढत नसे. गावात जाऊन भेटायचं कुणाला, म्हणायची.

तिथल्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी बाबांना बागांमधल्या मोकळ्या रस्त्यांवर गाडी शिकवली. मागे फुगलेल्या पिठाचे ट्रे ठेवले असावेत अशी ते ती चालवायचे. लायसन मिळालं त्याच रविवारी म्हणाले, "रस्ता अजून शिल्लक आहे. समुद्र बघून येऊ." आणि खरंच, डोंगर ओलांडून, मागून हॉर्न वाजवणाऱ्या सगळ्या गाड्यांना पुढे जाऊ देत, ते आम्हाला पॅसिफिकच्या काठावर घेऊन गेले. वारा होता, थंडी होती, वाळूत फारसं कुणी नव्हतं. बाबांनी बूट काढले, पँट वर दुमडली आणि पाण्यात घोट्यापर्यंत जाऊन उभे राहिले. खूप वेळ पश्चिमेकडे बघत होते.

मग मागे वळून त्यांनी ओरडून विचारलं, "झुझा! ह्याच्या पुढे आपल्यातलं कुणी गेलंय का गं?"

"गेलं असेल तर त्यांनी यावं इकडे," आई ओरडली. "बूट घाल आणि चल. मला कॉफी हवीय."

परत येताना ते मागच्या सीटवर आईच्या उशीला डोकं टेकून झोपले. गाडी मीच चालवली.